हात कुणाचा होता

सामान हलवणाऱ्या त्या टोळीत त्याला सगळे 'कपाट' म्हणायचे, आणि नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. दारातून आत यायचं तर त्याला खांदा तिरका करावा लागायचा. वरच्या मजल्यावरचा फ्रीज तो पाठीला पट्टा लावून एकटा खाली आणायचा आणि धाप न लागता विचारायचा, "दुसरा कुठाय?" घरमालकिणी तोंडात बोटं घालायच्या. टोळीत भोंगा म्हणून एकजण होता. जिन्यावर सामानाच्या वरच्या टोकाला राहून "डावीकडे, डावीकडे, भिंत, भिंत, अरे भिंत!" असं ओरडणं हे त्याचं काम, म्हणून तो भोंगा. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "ताई, तुमचं कपाट राहिलं तर राहू द्या, आमचं परत न्यावं लागेल."

या टोळीचा एक कायदा होता. हलवाहलवीत काही ना काही फुटतंच. आरसा तडकतो, टेबलाचा पाय निखळतो. मग गिऱ्हाईक कमरेवर हात ठेवून विचारतं, "कुणी पाडलं?" तेव्हा कुणाचंही नाव घ्यायचं नाही. "आमच्या हातून झालं," एवढंच म्हणायचं आणि मान खाली घालायची. हा कायदा कपाटानंच घातला होता, कारण मुकादम तोच. एकाचं नाव घेतलं की उद्या जिन्यावर तो घाबरत पाय टाकतो, आणि घाबरलेला माणूस सगळ्यांना घेऊन खाली येतो, असं तो नव्यांना समजावायचा. कायदा चांगलाच होता हो. पण चांगली गोष्ट भलत्या जागी वापरली की काय गत होते, ते पुढे ऐका.

एका निवृत्त गृहस्थांचं घर हलवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा कॅमेरा सापडेना. झालं! सामान हलवणारे आले होते ना, मग चोर शोधायला लांब कशाला जायचं? पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. बाकीचे म्हणाले, आम्ही पण येतो. हा म्हणाला, "मुकादम कशाला असतो मग? तुम्ही गाडी भरा, मी आलोच."

ठाण्यात त्या दुपारी चिटपाखरू नव्हतं. गावात मोठा सामना होता, सगळे शिपाई, अंमलदार, साहेब मैदानावर बंदोबस्ताला गेलेले. टेबलामागे एकटा हवालदार बसला होता. लहानखुरा माणूस, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल, मधूनमधून खोकणारा. उभा राहिला असता तर कपाटाच्या छातीला लागला असता.

"कुणी घेतला?" हवालदार म्हणाला.

"साहेब, आमच्यातल्या कुणी नाही घेतला."

"मी नाव विचारलं." आणि हवालदार उठून टेबलाला वळसा घालून आला.

पहिली बसली तेव्हा कपाटाला वाटलं, फळीवरून काहीतरी डोक्यात पडलं. दुसरी त्याच कानावर, डाव्या. मग खुर्चीमागची काठी आली. खोटं कशाला सांगू, कपाटाच्या एका हाताची मूठ हवालदाराच्या डोक्याएवढी होती. नुसता हात आडवा धरला असता तरी भागलं असतं. पण ते हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. फ्रीज उचलणारे हात, त्यांना काय झालं कुणास ठाऊक! हा खाली वाकला, कानावर कोपर घेतलं आणि म्हणाला, "चुकलो साहेब." काय चुकलं ते त्यालाही माहीत नव्हतं. दोनतीनदा म्हणाला. हवालदाराला खोकल्याची उबळ आली तेव्हा कुठे काठी थांबली. मग तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "जा. उद्या नाव घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी नाव न्यावं लागलं नाही. कॅमेरा त्या गृहस्थांच्याच लोकरीच्या कपड्यांच्या पेटीत सापडला. स्वेटरात गुंडाळून त्यांनी स्वतःच ठेवला होता. ठाण्यातून निरोप आला, "मिटलं." मिटलं म्हणे! इकडे याच्या कानातून रक्त येत होतं.

त्याची बायको दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीवर कामाला होती. रांगेत घुसणाऱ्याला आवाज न चढवता परत शेवटी पाठवणारी बाई. मार बसला त्याच संध्याकाळी ती घरी आली, दिवा लावला आणि त्याची मान धरून उजेडाकडे वळवली.

"कुणी मारलं?"

त्याने तिच्याकडे बघितलं. शेजारणींना ती नेहमी सांगायची, आमच्यांच्या वाटेला कुणी जात नाही. ते वाक्य त्याला आठवलं. एका खोकणाऱ्या माणसानं मारलं आणि मी कानावर कोपर घेऊन वाकून उभा राहिलो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? शिवाय जन्मभर एकाचं नाव न घ्यायची जिभेला सवय.

"चौघे होते," तो म्हणाला. "धरून ठेवलं होतं मला."

सकाळी ती त्याला आपल्याच दवाखान्यात घेऊन गेली, मधल्या दारानं, रांग चुकवून. आयुष्यात पहिल्यांदा तिने रांग मोडली. कानाचा पडदा फाटला होता. त्या कानाने पुढे कधी धड ऐकू आलं नाही.

"दावा लावायचा," ती म्हणाली.

"जाऊ दे गं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"मग आपण कुठले शहाणे लागून गेलो?"

त्याला वाटलं, चार दिवस बोलेल आणि विसरेल. पण ती विसरली नाही. स्वयंपाक करताना, केस विंचरताना, जेवणाचं ताट पुढ्यात ठेवताना तिचं एकच पालुपद. "हात उचलणाऱ्याला कुणीतरी एकदा समोर उभं करून विचारायला पाहिजे, का उचललास म्हणून." एवढी का पेटलीय हे त्याला कळेना. नवऱ्यावर जीव आहे म्हणून असेल, असं त्याने धरलं आणि त्याला आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

वकीलबाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. मोडायला नको म्हणून कपाट खुर्चीच्या कडेवर टेकला, आणि बाईंनी सगळं समजावलं.

"काका, हा दिवाणी दावा आहे. कुणाला तुरुंगात घालायचं नाही, नुकसानभरपाई मागायचीय. इथे दोन्ही बाजू तराजूत टाकतात. ज्याचं पारडं थोडंसं खाली, त्याचं खरं मानतात. पण तुम्हाला मार बसला एवढं दाखवून भागत नाही. कुणी मारलं ते दाखवायचं ओझं आपल्यावर आहे. ते सरकार नाही उचलणार."

"ओझ्याचं काही नाही," तो म्हणाला. बाई हसल्या, त्याची बायकोही हसली. दावा लागल्यावर पुढच्या खेपेला बाईंनी सरकारचं उत्तर वाचून दाखवलं. ठाण्यात कुणी हात लावला नाही. कान धंद्यातच फुटला असेल, जिन्यात कपाट अंगावर आलं असेल. आणि चौघांनी मारलं म्हणता, तर चौघे होते कुठे? अख्खं ठाणं मैदानावर होतं, वर्तमानपत्रात फोटो आहेत. मागे राहिले ते एकटे हवालदार, आणि त्यांची प्रकृती ही अशी.

बाईंनी कागद खाली ठेवला. "काका, चौघांतला एक तरी चेहरा सांगा मला."

"तोंडं नीट दिसली नाहीत."

"भर दुपारी?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "मला खोटं सांगितलंत तर मी बुडत नाही, तुम्ही बुडता. एका ठिकाणी खोटं सापडलं की पलीकडचे म्हणणार, सगळंच खोटं. हवालदार एकटेच होते का?"

बायको शेजारी बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि त्याच्याकडे बघत होती. ती नसती तर कदाचित तो बोललाही असता. "चौघेच," तो म्हणाला.

इकडे टोळीत तर चौघांचे सहा झाले होते. चहाच्या टपरीवर भोंगा हातवारे करत सांगायचा, "सहा जण होते सहा! दोघांना तर आमच्या मुकादमानं भिंतीला चिकटवलं, तेव्हा कुठे बाकीच्यांनी धरलं." टोळी माना डोलवायची. कपाट बशीत चहा ओतायचा आणि काही म्हणायचा नाही. नव्या पोरांनी तर त्याला दंड दाखवायला लावला, आणि त्याने दाखवला. शरमेनं मेल्यासारखं झालं त्याला, पण दाखवला.

साक्षीच्या दिवशी टोळीनं खाडा केला. सगळे धुतलेले शर्ट घालून कोर्टाच्या खोलीत मागच्या बाकांवर बसले. बायको पुढच्या बाकावर. हवालदार भिंतीला लागून उभा, टोपी काखेत. साक्षीदाराचा पिंजरा कपाटाला लहान पडला, कठडा पोटाला लागत होता. न्यायाधीश वयस्कर होते, पेन खाली न ठेवता लिहीत होते. वकीलबाईंनी विचारलं, त्याने सांगितलं. चौघे होते. धरलं. मारलं. आवाज खोल गेला होता.

मग सरकारी वकील उठले. गोड माणूस. "पाणी हवंय का?" म्हणून विचारलं. याने नको म्हटलं.

"चौघे होते. बरं. एकाच्या मिशा होत्या?"

"हो... म्हणजे, असतील."

"असतील. दुसरा उंच होता की बुटका?"

"लक्षात नाही."

"तुम्ही मुकादम. कुठल्या खोलीत कुठली वस्तू होती ते तुम्हाला लक्षात ठेवावं लागतं. खरं ना? आणि मारणारी माणसं लक्षात नाहीत?" त्यांनी वर्तमानपत्राचं पान न्यायाधीशांपुढे ठेवलं, मग याच्यापुढे धरलं. "हे साहेब. हे त्यांचे अंमलदार. हे शिपाई. मैदानाचं फाटक दिसतंय, मागे घड्याळ दिसतंय. यांतले कोण चौघे तुम्हाला मारायला ठाण्यात परत आले होते? बोट ठेवा."

बोट कुठे ठेवणार? त्याच्या कपाळावरून घाम ओघळला आणि त्या पानावर पडला. मागच्या बाकावरून भोंगा खाकरला. कपाटाला वाटलं, आत्ता जमीन फाटली तर बरं. वकीलबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या, आपल्या कागदांकडे बघत होत्या. सगळं आता हातातून सुटतंय हे त्याला कळलं. सामान सुटायच्या आधी मुकादमाला कळतंच.

"एकच होता," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"एकच होता. चौघे नव्हते. हे हवालदार साहेब होते."

मागे बाकं करकरली. सरकारी वकिलांचा चेहरा खुलला. "म्हणजे आजपर्यंत खोटं सांगत होतात. डॉक्टरला खोटं, स्वतःच्या वकिलांना खोटं, आत्ता शपथेवर न्यायाधीश साहेबांना खोटं. का हो?"

"लाज वाटली."

"कशाची?"

कुणीतरी हसलं. आणि त्या गोड माणसाला त्या हसण्याचीच हाव सुटली बघा. तेवढ्यावर खाली बसले असते तर जिंकले असते. पण नाही. त्यांनी वळून हवालदाराला खुणावलं आणि न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, या दोघांना शेजारी शेजारी उभं करून एकदा बघावं, एवढीच विनंती. म्हणजे कोण कुणाला मारू शकतं ते मला बोलून सांगावं लागणार नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि मान हलवली. हवालदार आला. कठड्यापाशी उभा राहिला, कपाटाच्या डाव्या बाजूला. खरंच गंमत दिसत होती. एक छताला लागलेला, एक कठड्याला. आता खोलीत चांगलंच हसू पसरलं. टोळीतलेही दोघेतिघे हसले, आणि स्वतःही हसत हवालदाराने काखेतली टोपी डोक्यावर ठेवायला हात वर केला.

कपाट खाली गेला. गुडघे वाकले, मान खांद्यांत गेली, डावं कोपर कानावर आलं. एवढा मोठा देह कठड्याच्या आड गेला, आणि आतून आवाज आला, "चुकलो साहेब."

हसू जागच्या जागी थांबलं. हवालदाराचा हात टोपीसकट वरच राहिला. तो खाली घ्यावा की काय करावं हे त्यालाही सुचेना. न्यायाधीशांनी पेन थांबवलं, बघितलं, आणि परत लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. सरकारी वकील म्हणाले, "साहेब, हे नाटक आहे." न्यायाधीश न बघता म्हणाले, "उभं करायला तुम्हीच सांगितलंत."

कपाटाने कोपर काढलं आणि पहिल्यांदा पुढचा बाक बघितला. बाक रिकामा होता. बायको दाराबाहेर जात होती, पदर तोंडाला लावून. ती मागे वळली नाही.

वकीलबाईंनी बाहेर आल्यावर त्याचा हात धरून हलवला. "काका, पारडं फिरलं! कळतंय का तुम्हाला?" त्याला काही कळत नव्हतं. जो प्रकार कुणाला दिसू नये म्हणून त्याने चार पोलीस जन्माला घातले, तो त्याने भर कोर्टात टोळीसमोर करून दाखवला होता. आणि बायको उठून गेली होती. साहजिकच आहे, तो मनात म्हणाला, असल्या नवऱ्याची लाज वाटणार नाही तर काय! ती फाटकाशी उभी होती. दोघं बसने घरी आली. ती खिडकीकडे बसली आणि बाहेर बघत राहिली. त्याने एकदा "अगं" म्हटलं आणि हातातली तिकिटं चुरगाळत बसला.

पुढच्या तारखेला हवालदाराची साक्ष झाली. वकीलबाईंनी विचारलं, त्या दुपारी या माणसाला तुम्ही मारलं का? हवालदार खोकला आणि म्हणाला, "मला आठवत नाही. रोज इतके लोक येतात." तुम्ही मारलं नाही, असं ठामपणे म्हणता का? "आठवत नाही म्हटलं ना." खोटं बोलतोय असंही वाटेना. खरंच आठवत नसावं त्याला, आणि कपाटाला त्याचाच जास्त राग आला. माझा एक कान गेला, रात्रीची झोप गेली, आणि याला आठवतही नाही?

निकाल लागला. हवालदारानेच मारलं, आणि त्याच्यासाठी सरकारही जबाबदार. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं की चौघांची गोष्ट खोटी होती, पण माणूस लाजेपायी मारणारे वाढवून सांगतो म्हणून मार खोटा ठरत नाही. ठाण्यात त्या वेळी एकच माणूस होता हे तर सरकारनेच फोटो आणून सिद्ध केलं. आणि वादीचा देह त्या माणसाच्या वर उठलेल्या हाताखाली ज्या तऱ्हेने वाकला, ते शिकवून येणारं नाही. ज्याने मारलं त्याला तो देह ओळखतो, असं त्यांनी लिहिलं होतं.

संध्याकाळी टोळी घरी आली. खोलीत बसायला जागा पुरेना, दोघे दारात टेकले. भोंगा नेहमीच्या आवाजात बोलायला लागला आणि मध्येच गप्प झाला. सगळे फार जपून बोलत होते. "मुकादम, तुम्ही बसा, मी घेतो कप." इतक्या वर्षांत कुणी त्याच्या हातातला कप घेतला नव्हता. चहा पिऊन ते लवकरच गेले. भोंग्यानं जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

बायको कप विसळत होती. तो पलंगावर बसून होता.

"जिंकलो म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"तुला बरं वाटलं?"

"वाटलं."

"मग त्या दिवशी उठून का गेलीस?" महिनोनमहिने मनात साठलेलं एकदाचं बाहेर आलं. "माझी लाज वाटली ना? वाटू दे. मलाच माझी वाटते. तू सगळ्यांना सांगायचीस, याच्या वाटेला कुणी जात नाही. आता कुठल्या तोंडानं सांगशील? पण मला एकदा सांग. माझी लाज वाटून गेलीस ना?"

तिने नळ बंद केला. हात पदराला पुसले. मग त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला येऊन उभी राहिली, जरा अंतर ठेवून.

"तुमची नाही," ती म्हणाली. "माझी वाटली."

"तुझी कशाला?"

"तुम्ही वाकलात ना, तशी मी वाकते." ती अगदी खिडकीवर बोलायची तशी बोलत होती, आवाज न चढवता. "तुम्ही फळीवरचा डबा काढायला हात वर केलात की. अंगावर कोळी आहे म्हणून झटकायला आलात की. असंच, कोपर कानावर. मला वाटायचं कुणाला दिसत नाही. आणि तिथे तुम्ही तसेच वाकलात आणि सगळी खोली बघत होती. मला वाटलं, आता सगळे वळून माझ्याकडे बघतील. म्हणून गेले बाहेर."

खोलीत पंखा फिरत होता. त्याला प्रथम वाटलं, बहिऱ्या कानामुळे काहीतरी चुकीचं ऐकू आलं. मी? हिच्यावर? मी कधी... तो आठवू लागला. प्रामाणिकपणे आठवू लागला, आणि काही म्हणजे काही सापडेना. 'मला आठवत नाही,' हे शब्द त्याच्या ओठांवर आले. अगदी आले. आणि ते कुणाच्या तोंडून ऐकले होते हे लक्षात आल्यावर त्याने ते तिथेच गिळले.

"मला बघायचं होतं," ती म्हणाली, "मारणाऱ्याला कुणी विचारतं का. माझं मला विचारता आलं नाही. म्हटलं, तुमचं तरी विचारू दे."

"कधी?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. एकदा तुमच्या बहिणीसमोर मी तुमची चूक काढली होती, ती गेल्यावर. एकदा दवाखान्यात उशीर झाला होता आणि कुलूप बघून तुम्ही बाहेर थांबला होतात. एकदा तर काही कारणच नव्हतं, दिवसभर कुणीतरी गिऱ्हाईक तुम्हाला टाकून बोललं होतं. फार वर्षं झाली, पुढे तुम्ही कधी हात लावला नाहीत. असं ती सांगत होती, आणि प्रत्येक वेळी कुठे उभी होती, हातात काय होतं, हेही सांगत होती. त्याला त्यातलं एकही आठवत नव्हतं. पण खोटं आहे असं म्हणायची सोय नव्हती. ज्याने मारलं त्याला देह ओळखतो, हे तर त्याच दिवशी सकाळी त्याने मान डोलवत ऐकलं होतं.

त्याला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण तो उठला की ती काय करेल, हे आता त्याला माहीत होतं. म्हणून तो बसूनच राहिला. हात मांडीखाली घेतले.

"मी मारलं तुला," तो म्हणाला. "मला आठवत नाहीये. पण मीच मारलं."

ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि रडायला लागली. त्याने मांडीखालचे हात काढले नाहीत.